पायरी खरवडताना

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. याच जागी उभ्या राहून डॉक्टरीणबाई आहाराविषयी सांगून गेल्या, वकीलबाई वारसाहक्क सांगून गेल्या. मी काय सांगणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात तुम्ही नऊ दिवस पायरीवर बसून ठोकठोक करीत होता, ती साऱ्या आळीने ऐकली आहे. आता कशासाठी ठोकत होता तेवढे सांगा, म्हणजे झाले." तेव्हा आज आमच्या दारच्या पायऱ्यांची हकीकत सांगते. गोड मानून घ्यावी.

माझे माहेर तलासरीकडचे. कारवीच्या कुडाचे घर, शेणामातीने सारवलेले, आणि दाराशी एक मोठा बसका दगड. तीच आमची पायरी. तिला कधी कोणी काही चिकटवले नाही, म्हणून त्यावरचे काढण्याचीही पाळी आली नाही. लग्न होऊन डहाणूस आले तर सासरी दाराला तीन पायऱ्या, कोब्याच्या. मामंजींनी स्वतः उभे राहून करवून घेतलेल्या. दिसायला काळपट, ओबडधोबड. मला त्या कधी सुंदर वाटल्या नाहीत, हे आज कबूल करते.

सन २०१६ मध्ये धाकट्या दिरांचे लग्न निघाले. मंडप दारात, पाहुणे दारात, आणि पायऱ्या अशा! आम्ही दोघी-तिघींनी हट्ट धरला आणि पायऱ्यांवर लाद्या बसवून घेतल्या. मोरबीच्या, पांढऱ्या, आरशासारख्या. लग्नात सर्वांनी वाखाणल्या. पहिल्याच श्रावणात सासूबाई पूजेची फुले काढायला उतरल्या आणि मधल्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडले, सहा आठवडे हात गळ्यात. मग आम्ही पायरीवर गोणपाट टाकले. ते गोणपाटही लादीवरून सरके, म्हणजे एकाच्या जागी दोन संकटे झाली. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या दाराशी आज तसेच गोणपाट आहे. येता येता मी पाहिले.

पुढे नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या डहाणू-तलासरीकडे जमीन हलू लागली, ते तुम्हांला मी सांगायला नको. एक मोठा भूकंप होऊन संपला असे नाही, लहान लहान धक्क्यांची माळच लागली. धुंदलवाडीकडे तर भर थंडीत माणसे तंबूत नि अंगणात निजली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याच दिवशी आपल्या तालुक्यातील दोन वर्षांची एक मुलगी घाबरून बाहेर पळताना पडून दगावली. तिच्या अंगावर घर पडले नव्हते. पळताना पडली, एवढेच.

शिकवायला येणारे सांगतात की जमीन हलत असता पळू नये, भक्कम मेजाखाली बसावे आणि हलणे थांबल्यावर शांतपणे बाहेर पडावे. खरे आहे. पण मेज कुणाच्या घरी आहे? आणि रात्री पाय कुणाचे ऐकतात? त्याच दिवसांत एका रात्री आम्ही सगळी अशीच बाहेर धावलो. दिवे गेलेले. माझ्या कडेवर जावेची मुलगी. मधल्या पायरीवर पाय दिला आणि पायाखालची लादी तिरपी झाली. खांब हाताला लागला म्हणून आम्ही दोघी वाचलो. त्या रात्रीपासून मला त्या पायरीचा राग आला.

सकाळी मी पायरीवर बसले आणि मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो तशी एकेक लादी वाजवून पाहिली. चौदापैकी नऊ लाद्या बद्द वाजल्या. घरात सर्वांचे एकमत झाले की हे धक्क्यांनी झाले. त्या दिवसांत प्रत्येक गोष्ट धक्क्यांनी होत असे, दूध नासले तरी धक्क्यांनी. पण मी उलथने घालून एक लादी उचलली, तर ती अख्खी, स्वच्छ, धुतलेल्या ताटलीसारखी हातात आली. तिच्या पाठीला काही लागलेलेच नव्हते. खाली पायरीवर चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे पाच गोळे वाळून बसलेले, पेढे दाबावेत तसे. मधल्या पोकळीत पावसाचे पाणी, चिखल आणि मुंग्या. म्हणजे ती लादी पहिल्या दिवसापासून पाच पेढ्यांवर उभी होती. भूकंपाने तिला फक्त धक्का दिला.

हे गोळे कशाचे? गवंडी त्यास केमिकल म्हणतात, पिशवीवर अॅडेसिव्ह असे छापलेले असते. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवले ते असे: पूर्वी लादी सिमेंटवाळूच्या जाड थरात बसवीत. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग नावाच्या गृहस्थाने सिमेंटात रबरासारखा चीक घालून पातळ थरावर लादी बसवण्याची रीत काढली, आणि ती जगभर गेली. आपल्याकडे ती आली त्याला कारण आहे. हल्लीची चकचकीत लादी पाणी जवळजवळ पितच नाही, शंभर भागांस अर्धा भागही नाही. जी पाणी पीत नाही तिला नुसते सिमेंट धरत नाही. म्हणून हे चिकट सिमेंट लागतेच, त्यात गवंड्याची लबाडी नाही. पण ते दातेरी थापीने सगळीकडे सारखे पसरून त्यावर लादी दाबायची असते. गोळे ठेवले की काम लवकर होते आणि माल वाचतो, इतकेच. आमच्याकडे कोणी लावले त्याचे नाव मी घेणार नाही. मंडप उद्या उभा राहणार म्हणून घाई आम्हीच केली होती.

लाद्या तर काढल्या. पाच पक्क्या होत्या त्या फोडून काढाव्या लागल्या. पण पायरीवर ते अॅडेसिव्ह तसेच राहिले, आणि नंतर पाच उन्हाळे गेले. धक्के मधूनमधून बसत राहिले, आजार आले, करोना आला. त्या खरबरीत गोळ्यांत केर अडके, शेवाळ धरे, सासूबाईंच्या अंगठ्याला ठेच लागे. दोन गवंड्यांना विचारले. एक म्हणाला तिन्ही पायऱ्या फोडून नव्या बांधा. दुसरा म्हणाला याच्यावरच नव्या लाद्या मारून देतो. पहिल्याचे ऐकण्यास पैसे नव्हते आणि दुसऱ्याचे ऐकण्याइतकी मी आता वेडी नव्हते.

मग मी स्वतः हात घातला, आणि आधी दोन चुका केल्या. त्या सांगते, कारण त्याच तुम्ही करणार.

पहिली चूक तेजाबाची. न्हाणीघराचे डाग काढायचे अॅसिड एका दुकानदाराने दिले. म्हणाला, "ताई, ओता आणि झाडून टाका." ओतले. फसफसून फेस आला, मला वाटले काम झाले. वरचा पापुद्रा थोडा मऊ झाला खरा, पण अॅसिडला काय ठाऊक की अॅडेसिव्हचे सिमेंट कोणते आणि पायरीचे सिमेंट कोणते? त्याने दोन्ही खाल्ले. आत जो रबरासारखा भाग होता तो मात्र तसाच राहिला. पायरीच्या कडेची वाळू सुटली, वाफेने घसा जळला, फाटकाची कडी आठ दिवसांत गंजली, आणि उताराने पाणी गेले ते थेट वृंदावनाच्या बुडाशी. तुळस गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट. आणखी एक सांगते. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीनचा विषारी धूर निघतो. पायरी पांढरी करायच्या नादात बायका एकावर दुसरे ओततात.

दुसरी चूक यजमानांची, पण होकार माझा. त्यांनी ओळखीच्याकडून दगड घासायचे ग्राइंडर आणले, पुढे हिऱ्याच्या कणांची वाटी लावलेले. यंत्र चांगले, वेगही चांगला. पण पाव तासात घर, झाडे, माणसे सगळी पांढरी झाली. शेजारच्या वहिनींचे पापड वाळत होते त्यावर धुळीचा थर बसला. त्या आज समोरच बसल्या आहेत आणि आता हसत आहेत, तेव्हा हसत नव्हत्या. पापड मी भरून दिले. पण पापडांपेक्षा मोठी गोष्ट मला मागाहून कळली. अॅडेसिव्हमध्ये आणि कोब्यात वाळू असते, आणि ती वाळू यंत्राने घासली की तिची इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांस दिसत नाही. ती फुफ्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर औषध नाही. आपण लहानपणी पाटीवर ज्या पेन्सिलीने अ आ ई गिरवले, तशा पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसोरला कापीत. तिथल्या कामगारांस हाच रोग झाला. खंबायतला अकीकाचे मणी घासणाऱ्यांस हाच. एका पायरीने कुणाला रोग होईल असे मी म्हणत नाही. पण रोज यंत्र धरणारा गवंड्याचा पोरगा कुणाचा तरी मुलगा आहे. त्याला तोंडाला मुखवटा लावल्याशिवाय आपल्या दारात यंत्र चालवू देऊ नका. पदर नाकाला धरून ती धूळ अडत नाही. करोनातले जाड एन-९५ मुखवटे घरात पडून असतील, ते वापरा. आणि धूळ बसावी म्हणून साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी मारू नका, झटका बसेल. यंत्र धरणे आपण बायकांनी तर करूच नये. साडीचा पदर किंवा केस त्यात सापडले तर वेळ मिळत नाही.

इथे आम्ही दोघे बसलो आणि विचार केला. आमच्या यजमानांनी तरुणपणी चिंचणीला दागिन्यांच्या डाय करण्याचे काम शिकले आहे, तेव्हा पोलाद त्यांना कळते. ते म्हणाले, "यंत्र नको, तुला छिन्नीच करून देतो." मोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा घेऊन त्यांनी दोन बोटे रुंद, चपटी छिन्नी केली. धार काढून लाल तापवली, तेलात बुडवली, मग पुन्हा हलकी तापवून धारेवर जांभळट रंग चढू दिला. याला छिन्नीला पाणी देणे म्हणतात, तेलात बुडवली तरी पाणीच. नुसती बुडवली तर ती काचेसारखी फुटते, आणि रंग फार चढू दिला तर लवते. बाजारची घेतली तरी चालते, पण तिचे डोके ठोकून ठोकून फुलले असेल तर आधी घासून घ्या. त्या फुललेल्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. डोळ्यांना चष्मा हवाच. पायात बूट, चपला नव्हेत. काचेच्या बांगड्या मी काढून ठेवीत असे. सासूबाईंना ते आवडले नाही, म्हणून हातात एक लोखंडी कडे राहू दिले. असो.

छिन्नी कशी धरावी हे मला कोणी शिकवले असेल तर लहानपणी माहेरी येणाऱ्या टाकीवालीने. पाट्याला टाकी लावायची बाई तुम्हां सर्वांना आठवत असेल. पाटा गुळगुळीत झाला की वाटण वाटत नाही, मग ती येऊन टुक टुक करीत त्याला बारीक टोचे पाडी. मी समोर बसून पाहात असे. ती कधी जोरात मारीत नसे. हलके मारी, पण शंभरदा मारी, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये छिन्नी किंचित सरकवी. आमच्या पायरीचे काम मी तसेच केले.

आदल्या संध्याकाळी गोणपाट भिजवून पायरीवर पसरायचे आणि रात्रभर ओले ठेवायचे. ओल्याने सिमेंट विरघळत नाही, पण त्यातला चीक थोडा नरम पडतो आणि धूळ तर उडतच नाही. हाच मोठा लाभ. दुसऱ्या दिवशी ऊन कलले की बसायचे. गोळ्याच्या कडेला छिन्नी आडवी लावायची, तव्यावरच्या भाकरीखाली उलथने घालतो तशी, उभी नव्हे. उभी मारली की खालचा कोबा फुटतो. आडवी ठेवून हलके ठोकले की अॅडेसिव्हचा पापुद्रा कडेपासून सुटत येतो. एखादा गोळा हट्टी असला तर त्याला सोडून शेजारचा घ्यावा, सगळीकडून उघडा पडला की तोही येतो. आणि पायरीच्या पुढच्या धारेजवळ मात्र नेहमी आतल्या बाजूस ठोकावे. बाहेरच्या बाजूस ठोकले की धार तुटते. मी दोन ठिकाणी तोडली आहे, येऊन पाहा.

एवढे आधी पाहून घ्यावे की अॅडेसिव्ह कोणत्या जातीचे आहे. त्यावर गरम पाणी टाकून थोड्या वेळाने नखाने टोचावे. डब्यातले तयार अॅडेसिव्ह असेल तर ते नरम होते आणि सुरीने निघते, त्यासाठी एवढा खटाटोप नको. पिशवीतले सिमेंटचे असेल तर ते हलत नाही. दाराबाहेर बहुधा हेच असते.

एका वेळी एक तास, त्याहून जास्त नाही. मनगट भरून येते आणि मग ठोका चुकतो. ओला गाळ हातावर वाळू देऊ नये, सिमेंटाने कातडी भाजते. हात धुऊन खोबरेल लावावे. निघालेला चुरा गटारात लोटू नका, पावसात तेच गटार तुंबते. आम्ही तो फाटकातल्या खड्ड्यात भरला. आणि हे सारे मृगाच्या आधी. पाऊस लागला की बाहेरचे सिमेंटकाम होत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझ्या मनात होते की वरचे वर काढावे, थोडे राहिले तर राहू द्यावे आणि वरून दुसरे काही घालावे. गवंडीही सांगतात की जे घट्ट आहे ते राहिले तरी चालते, आणि त्यावर पुन्हा लादीच बसवायची असेल तर ते खरेही आहे. पण पाचव्या दिवशी मधल्या पायरीचा एक कोपरा पुरता मोकळा झाला, आणि त्यात मला रेघ दिसली. सरळ, बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा. कोबा ओला असताना सुतळी दाबून पाडलेली चौकट. मी सासूबाईंना हाक मारली. त्या येऊन बसल्या, रेघेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ही सुतळी एका टोकाला मी धरली होती गं." तोवर मला कोणी हे सांगितले नव्हते.

मग मी सर्व काढायचे ठरवले. रेघांत भरलेले जुन्या पेचकसाने उकरून काढले. सर्व निघाल्यावर यजमानांनी माप घेतले, तेव्हा आणखी एक उलगडा झाला. मामंजींच्या तिन्ही पायऱ्या सारख्या उंचीच्या होत्या. लाद्या आणि अॅडेसिव्ह मिळून प्रत्येक पायरीवर बोटभर थर चढला, तो मधल्या पायऱ्यांत कळला नाही, कारण सगळ्याच चढल्या. पण जमिनीवरून पहिली पायरी बोटभर उंच झाली आणि शेवटच्या पायरीवरून उंबरा बोटभर खाली गेला. पाय मोजून पडतो हो. वर्षानुवर्षे त्याच पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीचा पाय डोळे मिटून मोजतो, आणि माप चुकले की ती अडखळते. सासूबाई लग्नानंतर सारख्या म्हणत, "पायरी उंच झाली." आम्ही म्हणायचो, वय झाले. पायरी उंचच झाली होती.

कोब्याला पुढे उतारही होता, फुटाला पाव इंच, पाणी थांबत नव्हते. आता वर काय घालायचे? काहीच नाही. अॅसिडने खाल्लेली आणि माझ्या हाताने तुटलेली धार एवढीच दुरुस्त करायची होती. तिथे छिन्नी उभी धरून, टाकीवालीसारखे, टोचे पाडले, धूळ धुऊन काढली, ओल्या अंगावर सिमेंटाची पातळ पेज लावली आणि ती वाळण्यापूर्वी एकास तीन वाळूचा माल भरून कड किंचित गोल केली. सात दिवस गोणपाट ओले ठेवले. जोड दिसतो. दिसू दे.

तुम्हांला लाद्याच हव्या असतील तर माझी हरकत नाही, पण बाहेरच्या पायरीला खरबरीत घ्या. अॅडेसिव्हच्या पिशवीवर आय.एस. १५४७७ हा आकडा आणि पुढे प्रकार लिहिलेला असतो. पहिला प्रकार घरातल्या जमिनीसाठी, तो उन्हापावसात घालू नका. आणि गवंडी बसवीत असता एक ताजी बसवलेली लादी उचलून तिची पाठ बघा. पूर्ण भरलेली असली पाहिजे. तो रागावेल, तरी बघा.

छिन्नी आमच्या पडवीत खुंटीला टांगलेली आहे. आतापर्यंत तीन घरी जाऊन आली. ज्यांना हवी त्यांनी न्यावी, मात्र परत देताना धार पाहून द्यावी, आणि फुललेले डोके यजमान घासून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. तुळस नवी लावली आहे. ती पायरीपासून चार हात दूर.

माझे बोलणे लांबले. तिळगूळ अजून वाटायचा आहे, तेव्हा मी बसते.